आधी रकान्याचा प्रकार, मग आकडेमोड: जामोवी या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरचे परीक्षण

संशोधन पद्धतीच्या जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात मापनाच्या चार श्रेणी शिकवल्या जातात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९४६ साली 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात त्या मांडल्या: नामनिर्देशक (नुसती वर्गवारी), क्रमनिर्देशक (क्रम असलेली वर्गवारी), अंतराल (सारख्या अंतरांची, पण खरे शून्य नसलेली मोजपट्टी) आणि गुणोत्तर (खरे शून्य असलेली मोजपट्टी). विद्यार्थी ही यादी परीक्षेपुरती पाठ करतात आणि प्रत्यक्ष माहिती संगणकावर उघडली की विसरून जातात. यात त्यांचा दोष थोडाच आहे, कारण ज्या एक्सेलमध्ये बहुतेकांचे काम चालते त्याला या भेदाशी काही देणेघेणे नसते. रकान्यात अंक दिसले की ते बेरीज-सरासरी करून द्यायला तयार असते, मग तो अंक वजनाचा असो, घर क्रमांकाचा असो की 'पुरुष १, स्त्री २' अशा संकेताचा असो. वर्षाचा रकाना घेऊन रेषालेख काढायला जावे, तर वर्ष आडव्या अक्षावर न जाता स्वतःच एक रेषा बनून आलेखाच्या माथ्यावर सपाट पसरते, हा अनुभव एक्सेल वापरणाऱ्या कोणालाही नवा नाही. जनुकांची काही नावे एक्सेल परस्पर तारखांमध्ये बदलत असे. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीनेच अशा जनुकांची नावे बदलली. सॉफ्टवेअर सुधारण्यापेक्षा जनुकांचे बारसे पुन्हा करणे सोपे ठरले!

या पार्श्वभूमीवर जामोवी हे सॉफ्टवेअर मला परीक्षणाला योग्य वाटले, कारण त्याची सगळी मांडणीच 'हा रकाना कोणत्या प्रकारचा आहे' या प्रश्नाभोवती उभी आहे. हा प्रश्न ते कितपत प्रामाणिकपणे विचारते आणि उत्तराचा कितपत मान राखते, एवढेच या लेखात तपासले आहे. सांख्यिकीतील प्रगत पद्धतींसाठी ते कसे आहे, हा वेगळा विषय आहे.

आधी जुजबी माहिती. जोनाथन लव्ह, डेमियन ड्रॉपमन आणि राव्ही सेल्कर यांनी हा प्रकल्प सुरू केला आणि २०१७ पासून तो लोकांच्या वापरात आहे. ते मुक्त स्रोत आहे, पैसे लागत नाहीत, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही उपलब्ध आहे. आत सगळी आकडेमोड आर ही संगणकभाषा करते. वापरणाऱ्याला तिचा एक शब्दही लिहावा लागत नाही, मात्र हवे असल्यास प्रत्येक विश्लेषणामागचा आर-मधील मजकूर पाहता येतो. एक्सेल, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर) आणि एसपीएसएस या परवाना लागणाऱ्या सांख्यिकी सॉफ्टवेअरच्या फाइली सरळ उघडतात. मूळ माहिती, केलेली विश्लेषणे आणि त्यांचे निकाल एकाच फाइलमध्ये साठवले जातात, त्यामुळे मार्गदर्शकांना फाइल पाठवली की त्यांना सगळे जसेच्या तसे दिसते. मी २.३ क्रमांकाची आवृत्ती वापरली असून पुढचे सगळे निरीक्षण तिच्यापुरते आहे.

खिडकी उघडली की डावीकडे माहितीचा तक्ता आणि उजवीकडे निकाल अशी विभागणी दिसते. तक्त्यातील प्रत्येक रकान्याच्या मथळ्यापाशी एक छोटे चिन्ह असते आणि जामोवीचा खरा गाभा तेच आहे. तीन वर्तुळे म्हणजे नॉमिनल (नामनिर्देशक), चढत्या उंचीचे तीन स्तंभ म्हणजे ऑर्डिनल (क्रमनिर्देशक), मोजपट्टी म्हणजे कंटिन्युअस (संख्यात्मक). चौथा प्रकार आयडी नावाचा आहे आणि तो जामोवीच्या निर्मात्यांनी स्वतः जोडला आहे: नाव, हजेरी क्रमांक, मोबाइल क्रमांक असे जे रकाने ओळखीपुरते असतात आणि ज्यांचे विश्लेषण करायचेच नसते, त्यांच्यासाठी. मथळ्यावर दोनदा टिचकी मारली की वरून एक फलक उघडतो आणि त्यात हा मापनप्रकार बदलता येतो. त्याच्याच शेजारी साठवणीचा प्रकार वेगळा दाखवलेला असतो: पूर्णांक, दशांश की मजकूर. हे दोन प्रश्न शेजारी-शेजारी पण स्वतंत्रपणे विचारले जातात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंकात लिहिलेले सगळे संख्यात्मकच असते, हा विद्यार्थ्यांच्या मनातला घट्ट गैरसमज त्या एका फलकाने सैल होतो.

चाचणीसाठी मी २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचा तक्ता घेतला. त्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. पालघर २०१४ मध्ये झाला. रकाने साधेच ठेवले: जनगणनेचा जिल्हा संकेतांक, जिल्ह्याचे नाव, प्रशासकीय विभाग, लोकसंख्या, साक्षरतेचे प्रमाण आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या. नावे आणि विभाग मजकुरात, साक्षरता दशांशात, म्हणून त्यांच्याबाबत अंदाज करणे सोपे होते. खरी मेख संकेतांक आणि लोकसंख्या या दोन रकान्यांत आहे. दोन्हींत पूर्णांक आहेत, दोन्हींत ३५ किमती आहेत आणि एकही किंमत दुसऱ्यांदा येत नाही. फाइल उघडताना जामोवी किमतींचे रूप आणि त्यांतील वेगळेपण पाहून प्रकाराचा अंदाज बांधते. पण त्या निकषावर हे दोन रकाने जुळी भावंडे ठरतात. त्यांना नॉमिनल म्हणावे तर लोकसंख्या चुकते, कंटिन्युअस म्हणावे तर संकेतांक चुकतो. कितीही हुशार सॉफ्टवेअर आणले तरी केवळ किमती पाहून याचा निवाडा होणार नाही, कारण चलाचा, म्हणजे रकान्यात नोंदलेल्या गुणधर्माचा, प्रकार अंकांत लिहिलेला नसतो. तो अंक कशासाठी दिला गेला, यावर ठरतो. म्हणून जामोवीचा अंदाज चुकल्याचा दोष मी त्याला देत नाही. हा अंदाज आहे आणि तपासून घ्यायचा आहे, हे ते फाइल उघडताना कोठेही ठळकपणे सांगत नाही, हा मात्र दोष आहे. चिन्हे बारीक असतात आणि घाईत असलेला माणूस ती पाहत नाही.

न पाहिल्यास काय होते, तेही करून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांचे संकेतांक नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत सलग आहेत. वर्णनात्मक सांख्यिकीच्या चौकटीत हा रकाना टाकला की मध्य (सरासरी) ५१४ येतो आणि मध्यकही (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) ५१४ येतो. ५१४ हा जालन्याचा संकेतांक आहे. म्हणजे महाराष्ट्राचा 'सरासरी जिल्हा' जालना, आणि तोही अगदी समतोल वितरणातला! इथे उत्तर इतके हास्यास्पद आहे की चूक लगेच लक्षात येते. पण शिक्षणाची पातळी १ ते ६, व्यवसाय १ ते ८, वैवाहिक स्थिती १ ते ४ अशा संकेतांचे मध्य जेव्हा प्रबंधातील तक्त्यांत दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतात, तेव्हा कोणी हसत नाही.

आणि इथेच जामोवीबद्दलची माझी मुख्य तक्रार येते. संकेतांकाचा प्रकार मी नॉमिनल केला, तीन वर्तुळांचे चिन्ह आले, आणि तरीही वर्णनात्मक तक्त्यात मध्य ५१४ कायम राहिला. कारण असे की, साठवण पूर्णांकात असेल तर रकाना नॉमिनल असला तरी जामोवी तो अंकी गणनेस पात्र धरते. किमती मजकुरात असतील, तर मात्र मध्याची जागा रिकामी राहते. प्रत्येक विश्लेषणाच्या चौकटीत कोणत्या प्रकारचा चल अपेक्षित आहे हे दाखवणारी चिन्हे कोपऱ्यात असतात आणि ती पाहून वाटते की इथे कडक पहारा आहे. प्रत्यक्षात ती बरीचशी शिफारस असते. दोन गटांच्या तुलनेच्या टी-चाचणीत मजकुराचा रकाना अवलंबी चल (ज्याच्या सरासरीची तुलना करायची तो) म्हणून टाकू पाहिला तर जामोवी तो घेत नाही, पण अंकांत भरलेला नॉमिनल रकाना मुकाट्याने घेते. अनुभवी माणसाला ही सूट सोयीची वाटेल. ज्यांच्यासाठी हे सॉफ्टवेअर मुख्यतः शिफारसले जाते त्या नवशिक्यांना निदान एक तळटीप तरी दिसायला हवी होती. यावरचा उपाय सोपा आहे: वर्गवारीचे संकेत अंकांत न भरता सरळ मजकुरात भरावेत, आणि ओळखीपुरते असलेले रकाने पहिल्याच झटक्यात आयडी करून टाकावेत.

मजकुरात भरण्याचा सल्ला दिला खरा, पण मराठीत भरताना त्याची एक वेगळी गंमत होते. एका वाचनालयाच्या वाचकांच्या मतपाहणीची फाइल मी दुसरी चाचणी म्हणून उघडली. 'पुस्तकांची निवड समाधानकारक आहे' अशा विधानांवर पाच पर्याय होते: पूर्ण असहमत, असहमत, तटस्थ, सहमत, पूर्ण सहमत. हा क्रमनिर्देशक चलाचा नमुनेदार दाखला आहे. क्रम निश्चित आहे, पण दोन पायऱ्यांतील अंतर सारखे आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. जामोवीने हा मजकूर नॉमिनल म्हणून घेतला, जे समजण्यासारखे आहे, आणि त्याचे स्तर वर्णक्रमाने लावले: असहमत, तटस्थ, पूर्ण असहमत, पूर्ण सहमत, सहमत. मी केवळ चिन्ह बदलून ऑर्डिनल केले असते, तर 'पूर्ण असहमत' हा मधला पर्याय ठरला असता आणि 'सहमत' हे सर्वांत वरचे मत. स्तंभालेखही त्याच क्रमाने आला असता, दिसायला व्यवस्थित आणि अर्थाने विस्कटलेला. सुदैवाने त्याच फलकात स्तरांची यादी असते आणि बाजूच्या बाणांनी एकेक स्तर वर-खाली सरकवता येतो. पाच पर्यायांसाठी हे काम चटकन होते. पाहणीत अशी वीस-पंचवीस विधाने असली की मात्र कंटाळा येतो. मग रकाने एकत्र निवडून एकदाच बदल करणे हाच मार्ग. महिन्यांची नावे मराठीत असली तर आणखी मौज: वर्णक्रमाने वर्ष एप्रिलपासून सुरू होते, जणू कोणा लेखापालाने ते लावले आहे, आणि पाठोपाठ ऑक्टोबर येतो.

या अडचणीतून निघण्याचा नीटस रस्ता म्हणजे १ ते ५ असे अंक भरून फलकात प्रत्येक अंकाला मराठी नाव देणे आणि प्रकार ऑर्डिनल ठेवणे. मग क्रम आपोआप बरोबर राहतो, तक्त्यात आणि आलेखात नावे दिसतात आणि मध्यकही मिळतो. वर्गवारीसाठी मजकूर आणि क्रमवारीसाठी नाव दिलेले अंक, असा माझा आता नियम झाला आहे. क्रमनिर्देशक उत्तरांचा मध्य काढावा की नाही हा सांख्यिकीतला जुना वाद आहे. अनेक विधाने एकत्र करून गुणांक तयार केला असेल तर तो काढण्याला बहुतेकांची हरकत नसते, एकेका विधानाचा काढण्याला असते. जामोवी या वादात पडत नाही. मध्य आणि मध्यक दोन्ही देते, आणि टी-चाचणीच्या चौकटीतच क्रमांवर आधारलेल्या मान-व्हिटनी चाचणीचा पर्याय ठेवते. सहसंबंधाच्या चौकटीत संख्यात्मक चलांसाठीचा पिअर्सन आणि क्रमांवर आधारलेले स्पिअरमन व केंडॉल हे तिन्ही शेजारी-शेजारी आहेत, ही मांडणी शिकवण्यासाठी उत्तम. फक्त दोन्ही चल ऑर्डिनल असले तरी खूण मात्र आधीपासून पिअर्सनवरच केलेली असते. सॉफ्टवेअरला प्रकार माहीत असताना त्याने योग्य पर्यायाकडे बोट दाखवायला काय हरकत होती?

चलांच्या प्रकाराचा सर्वांत सुरेख उपयोग मला प्रतिगमनाच्या (एका चलावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याच्या) चौकटीत दिसला. तिथे संख्यात्मक स्वतंत्र चलांची जागा वेगळी आणि वर्गवारीच्या चलांची जागा वेगळी आहे. महाराष्ट्राचे सहा प्रशासकीय विभाग वर्गवारीच्या जागी टाकले की जामोवी त्यांचे शून्य-एकचे पाच सूचक चल स्वतः बनवते आणि तुलनेसाठी कोणता विभाग आधार धरायचा ते विचारते. हे काम हाताने करताना किती घोटाळे होतात, हे ज्यांनी एक्सेलमध्ये शून्य आणि एकचे रकाने भरले आहेत त्यांनाच ठाऊक. तेच विभाग १ ते ६ अंकांत भरून चुकून संख्यात्मक जागी टाकले, तर जामोवी ते घेते आणि 'विभाग एकाने वाढला की साक्षरता इतकी बदलते' असा निरर्थक गुणक हाती देते.

अंतराल आणि गुणोत्तर हा भेद जामोवी करत नाही; दोन्ही मोजपट्टीच्या एकाच चिन्हाखाली येतात. एसपीएसएसमध्येही हे दोन्ही 'स्केल' या एकाच नावाखाली असतात, आणि व्यवहारात बहुतेक चाचण्यांना या भेदाने फरक पडत नाही हेही खरे. पण ४० अंश सेल्सिअस तापमान २० अंशांच्या दुप्पट नसते आणि ४० लाख लोकसंख्या मात्र २० लाखांच्या दुप्पट असते, ही समज वापरणाऱ्याला स्वतःच बाळगावी लागते. खंडित (मोजून येणाऱ्या) आणि अखंडित (मापून येणाऱ्या) संख्यांचेही तसेच. घरातील माणसांची संख्या किंवा महिन्यात वाचनालयातून नेलेली पुस्तके ही मोजून येणारी पूर्णांक संख्या आहे. तिच्यासाठी वेगळे चिन्ह नाही. अशा रकान्यात वेगवेगळ्या किमती कमी असल्या की जामोवी त्याला नॉमिनल समजून बसते, आणि विद्यार्थी गोंधळतो. दोष सापडत नाही, कारण तो विश्लेषणाच्या चौकटीत शोधत असतो आणि चूक रकान्याच्या मथळ्यात असते.

मांडणीकडे वळतो. जामोवीत आलेखांची स्वतंत्र बाजारपेठ नाही. बहुतेक आलेख वर्णनात्मक सांख्यिकीच्या चौकटीतच मिळतात आणि ते चलाच्या प्रकारानुसार विभागलेले असतात. वर्गवारीच्या चलाला वारंवारता सारणी आणि स्तंभालेख. संख्यात्मक चलाला आयतालेख, बॉक्स प्लॉट आणि त्यांची भावंडे. दहावीच्या पुस्तकातला, आयतालेखात आयत एकमेकांना चिकटलेले का असतात आणि स्तंभालेखात मध्ये जागा का सोडतात, हा प्रश्न इथे आपोआप सुटतो, कारण चुकीचा आलेख मागण्याची सोयच फारशी ठेवलेली नाही. या चौकटीत वृत्तालेखाचा पर्यायही नाही. अनेकांना ही उणीव वाटेल. मला ती सुबुद्धी वाटते. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते की, समान पट्टीवरील स्थानांची तुलना माणूस कोनांच्या तुलनेपेक्षा अधिक अचूक करतो. पाच-सहा भागांचा वृत्तालेख पाहून कोणता भाग किंचित मोठा हे सांगणे अवघड, स्तंभालेखात ते एका नजरेत कळते.

जिल्ह्यांच्या लोकसंख्येवर या चौकटीने काय दाखवले, ते सविस्तर सांगतो. राज्याची एकूण लोकसंख्या ११,२३,७४,३३३. ३५ जिल्ह्यांचा मध्य सुमारे ३२.१ लाख. मध्यक मात्र २५.८६ लाख, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या. मध्य आणि मध्यक यांतील ही सव्वासहा लाखांची तफावत तक्त्यात नुसती आकड्यांची वाटते. बॉक्स प्लॉट काढल्यावर तिचे कारण डोळ्यांसमोर उभे राहते. मधले निम्मे जिल्हे सामावणारी पेटी साधारण साडेसोळा लाखांपासून पावणेअडतीस लाखांच्या किंचित पुढे पसरते, वरची रेषा नाशिकच्या ६१ लाखांपर्यंत पोचते आणि तिच्याही वर तीन सुटे ठिपके राहतात: मुंबई उपनगर, पुणे आणि सर्वांत वर एक कोटी दहा लाखांचे ठाणे. ठिपक्यांना नाव देण्याचा पर्याय निवडला की ते कोणत्या ओळीचे आहेत तेही कळते. मध्याला वर ओढणारे हेच तिघे आहेत. खालच्या टोकाला साडेआठ लाखांचे सिंधुदुर्ग असूनही तिकडे सुटा ठिपका नाही, कारण त्या बाजूला सगळे जिल्हे दाटीने बसलेले आहेत. वितरणाचा उजवीकडचा कल म्हणजे काय, हे वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही, आणि जामोवीत ते दोन-तीन टिचक्यांत तयार होते.

लोकसंख्या थेट न टाकता आधी 'लाखांत' असा नवा रकाना करून घ्यावा, म्हणजे अक्षावर लांबलचक अंकांची माळ लागत नाही. सूत्र लिहून असा रकाना करण्याची सोय सरळ आहे आणि मूळ रकाना बदलला की तोही बदलतो. विभागानुसार तुलना करताना मात्र थोडे भान ठेवावे. पुणे विभागात पाचच जिल्हे आहेत, अमरावतीतही पाच. पाच किमतींवर पेटी काढणे म्हणजे पाच माणसांच्या सभेचा अहवाल टक्केवारीत देणे. अशा वेळी पेटीऐवजी प्रत्येक जिल्ह्याचा ठिपका दाखवण्याचा पर्याय निवडावा, तो जामोवीत आहे आणि फार कमी लोक वापरतात. दुसरी सावधगिरी प्रमाणांबाबत. स्त्री-पुरुष प्रमाणाच्या रकान्याचा मध्य काढला तर राज्याचे अधिकृत ९२९ हे प्रमाण येत नाही, त्याहून जास्त येते. कारण या मध्यात ८३२ च्या मुंबईला आणि १,१२२ च्या रत्नागिरीला सारखेच वजन मिळते, शिवाय ठाणे, मुंबई उपनगर, पुणे या सर्वांत मोठ्या जिल्ह्यांत प्रमाण कमी आहे. चल गुणोत्तर श्रेणीचा असला म्हणून त्याचा साधा मध्य अर्थपूर्ण असतोच असे नाही. चिन्हे बरोबर लावली की काम संपले असे मानणाऱ्यांनी हे करून पाहावे.

आलेखांच्या बाबतीत उणिवा ठळक आहेत. मी वापरलेल्या आवृत्तीत आयतालेखाची वर्गांतरे किती रुंद ठेवायची हे ठरवता येत नाही. हे साधे वाटले तरी गंभीर आहे, कारण वर्गांतर बदलले की त्याच माहितीचे रूप बदलते, आणि ते बदलून पाहणे हाच आयतालेख शिकण्याचा निम्मा भाग आहे. अक्षांची नावे, रंग, अंकांची मांडणी यांवरही ताबा तोकडा आहे. दोन संख्यात्मक चलांचा विकीर्णालेख (ठिपक्यांचा आलेख) हवा असेल तर जोड-मॉड्यूल उतरवून घ्यावे लागते. ते मोफत मिळते, पण इतकी मूलभूत गोष्ट बाहेर का ठेवावी हे कळत नाही. छापील पुस्तकासाठी किंवा नियतकालिकासाठी आलेख हवा असेल, तर शेवटचा हात दुसरीकडेच फिरवावा लागेल.

तारखांच्या बाबतीत जामोवी अगदीच कच्चे आहे. पूर्णांक, दशांश आणि मजकूर या तिघांखेरीज साठवणीचा प्रकारच नाही, त्यामुळे रुग्णालयातील दाखल होण्याच्या तारखा किंवा रोजचे बाजारभाव असलेली माहिती इथे आणण्यात अर्थ नाही. दोन तारखांमधील दिवस आधी एक्सेलमध्ये काढून मगच तो रकाना इकडे आणावा.

नावांच्या घोळावर मात्र चांगला उतारा आहे. एका फाइलमध्ये 'नाशिक' आणि 'नासिक' अशी दोन रूपे असतील, किंवा जुन्या नोंदींत अहमदनगर आणि २०२४ नंतरच्या नोंदींत अहिल्यानगर असेल, तर वारंवारता सारणी हे दोन वेगळे स्तर लगेच दाखवते. माझ्या मते वारंवारता सारणीचा पहिला उपयोग निष्कर्षासाठी नसून अशी सफाई करण्यासाठी आहे. मग रूपांतराच्या सोयीत 'हे असेल तर ते लिही, अन्यथा मूळ ठेव' असा नियम एकदा लिहून तो हव्या तितक्या रकान्यांना लावता येतो आणि मूळ रकाना शाबूत राहतो. 'उत्तर दिले नाही' यासाठी भरलेले ९९ हे गहाळ समजावे, अशी सूचनाही रकान्याच्या फलकात देता येते. ती दिली नाही तर वयाच्या रकान्यात ९९ वर्षांचे वृद्ध अचानक वाढतात आणि मध्य फुगतो.

कोणी घ्यावे, हे सांगायचे तर महाविद्यालयात सांख्यिकी शिकवणाऱ्यांनी आणि बी.एड., एम.एड., मानसशास्त्र, समाजकार्य, परिचर्या या विषयांत लहान-मध्यम आकाराच्या पाहण्या करणाऱ्यांनी जरूर घ्यावे. एसपीएसएसचा परवाना संस्थेकडे असला तरी घरच्या संगणकावर तो बहुधा नसतो, आणि एसपीएसएसची फाइल इथे नावांसकट उघडते, हा रोजच्या उपयोगाचा फायदा आहे. लाखो ओळींची माहिती, कालमालिका किंवा नकाशे यांवर काम करणाऱ्यांनी थेट आर किंवा पायथनकडे जावे. आणि ज्यांना शिकवायचे आहे त्यांनी पहिल्या तासाला कोणतीही चाचणी न दाखवता विद्यार्थ्यांच्या हातात चुकीची चिन्हे लावलेली एक फाइल द्यावी व ती दुरुस्त करायला सांगावी. जिल्ह्यांचा तक्ता त्यासाठी पुरेसा आहे.